निद्रानाशावरची ऑनलाइन थेरपी घरच्या घरी: आठ आठवडे कसे काढायचे आणि फायदा पुढे कसा टिकवायचा

झोप येत नाही म्हणून लवकर अंथरुणावर पडायचं, सकाळी थोडं जास्त लोळायचं, दुपारी जमेल तेव्हा डुलकी काढायची आणि रविवारी आठवड्याभराची थकबाकी वसूल करायची. जुना निद्रानाश असलेली बहुतेक माणसं हेच करतात. घरचेही प्रेमाने हाच सल्ला देतात. आणि निद्रानाश वर्षानुवर्षे रेंगाळतो तो पुष्कळदा याच उपायांमुळे.

आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली ही गोष्ट नीट मांडली. कुणाची झोप मुळातच नाजूक असते. त्यात एखादं निमित्त घडतं: बाळंतपण, नोकरीतली ओढाताण, घरातला मृत्यू, आजारपण. निमित्त काही महिन्यांत सरतं, पण त्या काळात झोप सावरायला म्हणून लागलेल्या सवयी मागे उरतात आणि त्याच निद्रानाशाला खतपाणी घालत राहतात. कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी फॉर इन्सोम्निया, म्हणजे सीबीटी-आय, नेमक्या या सवयी मोडते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. युरोपच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ऑनलाइन दिल्या जाणाऱ्या सीबीटी-आयलाही स्थान आहे.

आपल्याकडे ही थेरपी देणारे प्रशिक्षित लोक मोजके आहेत, तेही मोठ्या शहरांत. म्हणून फोनवर किंवा संगणकावर स्वतःच करता येणारे कार्यक्रम आपल्यासाठी मोलाचे आहेत.

फायदा टिकतो का?

टिकतो. व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेल्या ‘शटाय’ या सहा भागांच्या ऑनलाइन कार्यक्रमाची ३०३ प्रौढांवर चाचणी झाली. त्यात मधे कुणी थेरपिस्ट नव्हता. वर्षभराने पाहिलं तेव्हा कार्यक्रम मिळालेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांचा निद्रानाश, कमीत कमी प्रश्नावलीच्या मापाने तरी, गेलेला होता आणि जवळपास ७० टक्के लोकांना ठळक फरक पडला होता. झोपेविषयीची नुसती माहिती वाचायला दिलेल्या गटातही काही जण सुधारले, पण बरेच कमी. डेट्रॉइटमधल्या संशोधकांचं निरीक्षण मला याहून बोलकं वाटतं. कोविडच्या काही वर्षं आधी ज्यांनी ऑनलाइन सीबीटी-आय केली होती, ते २०२० च्या त्या धास्तावलेल्या दिवसांत, फक्त माहिती मिळालेल्या लोकांपेक्षा बरे झोपत होते. संकट दोघांवर सारखंच आलं होतं, पण एका गटाला बिघडलेली झोप परत कशी बसवायची ते ठाऊक होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा वर्षभरात परिणाम हळूहळू ओसरतो, पण शिल्लक राहतो, असं दिसलं. आणि ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांत झालेल्या मोठ्या चाचणीत ‘स्लीपिओ’ हा कार्यक्रम ज्यांना दिला, त्यांच्यातल्या शंभरातल्या जेमतेम १८ जणांनी सहाही सत्रं पुरी केली. स्वतःच्या भरवशावर चालणाऱ्या थेरपीची खरी अडचण ही आहे. उपचार लागू पडतो, पण माणूस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडून देतो. त्यामुळे ते आठवडे कसे निभवायचे यावरच इथे भर आहे.

सुरू करण्याआधी

आठवड्यातून निदान तीन रात्री, निदान तीन महिने, झोपायला पुरेसा वेळ हाताशी असूनही झोप लागत नसेल, मोडत असेल किंवा पहाटे फार लवकर उडत असेल आणि त्याचा दिवसावर परिणाम होत असेल, तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. परीक्षेच्या आठवड्यात किंवा लग्नघरात झोप उडाली, तर हा उपचार नको.

पुढच्यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, स्वतःहून सुरू करू नका: बायपोलर आजार, फिट्स येणं, झोपेत चालणं, गरोदरपण, उतारवयात तोल जाऊन पडण्याचा त्रास, किंवा ट्रक, बस, यंत्र चालवण्यासारखं काम. या थेरपीतला झोपेची वेळ आवळण्याचा भाग या लोकांना महागात पडू शकतो. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकल्याचं घरच्यांच्या लक्षात येणं, सकाळी डोकं जड असणं, रक्तदाब आटोक्यात नसणं, असं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी आधी करा. पायांत रात्री वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तेही सांगा. बऱ्याचदा त्याच्यामागे लोहाची कमतरता निघते.

इन्सोम्निया सिव्हेरिटी इंडेक्स नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली असते, गुण ० ते २८. पंधरा किंवा जास्त गुण म्हणजे निद्रानाश ठळक आहे, आठच्या खाली म्हणजे नाही. आज भरा, तारीख टाकून जपून ठेवा. आठ आठवड्यांनी पुन्हा भरायची आहे.

कार्यक्रम कसा निवडायचा

एकच कसोटी लावा: तो रोजची झोपेची डायरी भरून घेतो का आणि त्यावरून तुम्हाला अंथरुणावर जायची-उठायची वेळ ठरवून देतो का? पावसाचे आवाज, कथा, ध्यान एवढंच असेल तर ते कितीही सुखद असो, ते सीबीटी-आय नाही. ‘स्लीपिओ’ची, कोणते उपचार वापरावेत हे तपासून सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये शिफारस केली, तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या भागात तो मिळतो का ते पाहावं. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या खात्याने बनवलेलं ‘इन्सोम्निया कोच’ हे अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात पाच आठवड्यांचा आखीव कार्यक्रम आहे.

हे सगळं इंग्रजीत आहे. आई-वडिलांना करायचं असेल, तर मुलाने किंवा सुनेने रोज सकाळी पाच मिनिटं फोन करून डायरीचे प्रश्न मराठीत विचारावेत आणि आकडे आपण भरावेत. मुलं परदेशात असली तरी हे जमतं. रोज कुणीतरी विचारणार आहे म्हटल्यावर माणूस सोडतही नाही.

पहिला आठवडा: फक्त डायरी

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, एवढं लिहायचं: अंथरुणावर कधी गेलो, दिवा कधी मालवला, झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, मधे किती वेळा जाग आली आणि सगळी मिळून किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. खाली दुपारची झोप, शेवटचा चहा, गोळी.

अंदाज सकाळीच करायचा. रात्री घड्याळ बघायचं नाही, घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हातातल्या स्मार्टवॉचचे आकडे डायरीत उतरवू नका. गाढ झोप किती मिनिटं झाली यावर सकाळी मूड ठरवणाऱ्यांची झोप त्या काळजीनेच बिघडते.

दुसऱ्या आठवड्यापासून: झोपेची खिडकी

सगळ्या थेरपीतला सर्वांत कठीण आणि सर्वांत कामाचा भाग हाच. उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या सकाळच्या शाळेतल्या एक शिक्षिका आहेत असं समजा. त्या पावणेदहाला अंथरुणावर जातात, सव्वासहाला उठतात. म्हणजे साडेआठ तास अंथरुणात. डायरीप्रमाणे सरासरी झोप साडेपाच तास. साडेपाचला साडेआठने भागून शंभरने गुणलं की येतात ६५ टक्के. ही त्यांच्या झोपेची कार्यक्षमता. बाकीचे तीन तास कूस बदलण्यात, छताकडे बघण्यात जातात.

आता अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच करायचा: साडेपाच तास. हीच झोपेची खिडकी. शाळेसाठी त्यांना पावणेसहाला उठणं सोयीचं आहे, म्हणून उठण्याची वेळ तीच, रविवारीही तीच. तिथून मागे मोजलं की अंथरुणावर जायची वेळ येते रात्री सव्वाबारा. झोप कितीही कमी मिळत असली तरी खिडकी पाच तासांपेक्षा छोटी करायची नाही.

‘लवकर निजे, लवकर उठे’ ऐकत वाढलेल्या माणसाला हा अत्याचार वाटतो. पण त्यामागचं कारण साधं आहे. आपण जितका वेळ जागे असतो तितकी झोपेची भूक साठते. नऊ तास अंथरुणात घालवून, वर वामकुक्षी करून ती भूक साठतच नाही. खिडकी आवळली की ती साठते, झोप पटकन लागते आणि अखंड होते. आधी झोप घट्ट करायची, मग लांबवायची, असा हा क्रम आहे.

पुढे दर आठवड्याला डायरीची सरासरी काढायची. कार्यक्षमता ८५ टक्के किंवा जास्त असेल तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणायची. ८० ते ८५ च्या मधे असेल तर आहे तशी ठेवायची. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं पुढे ढकलायची. या बाईंना दुसऱ्या आठवड्यात साडेपाच तासांपैकी पाच तास झोप मिळाली: ९१ टक्के. झोपायची वेळ बारा. तिसऱ्या आठवड्यात पावणेसहा तासांपैकी पाच तास दहा मिनिटं: ९० टक्के. वेळ पावणेबारा. चौथ्या आठवड्यात घरी गणपती, पाहुणे, आरत्या. सहा तासांपैकी चार तास पंचावन्न मिनिटं: ८२ टक्के. वेळ तीच. पाचव्यात गाडी पुन्हा रुळावर.

दुसऱ्या आठवड्यातली त्यांची झोप आधीपेक्षा अर्ध्या तासाने कमी आहे, हे नीट पाहा. सुरुवातीला झोप वाढत नाही, उलट थोडी घटते. पण तुकडे जोडले जातात. हे माहीत नसलेली माणसं ‘मला तर उलटंच होतंय’ म्हणून इथेच सोडतात. या दिवसांत गळून गेल्यासारखं होतं, चिडचिड होते. दुचाकीवरून लांबचा प्रवास टाळा. महत्त्वाचे व्यवहार, घरातली कार्यं नसतील असेच तीन आठवडे सुरुवातीला निवडा.

रात्री दहा ते बारा

खरा झगडा इथे आहे. जेवणं झालेली, मालिका संपलेली, सोफ्यावर मान कलंडते आणि घरातून आवाज येतो, “अगं, डोळे मिटतायत तुझे, जा झोप.” सोफ्यावरची वीस मिनिटांची डुलकी रात्रीच्या झोपेची भूक मारते. म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की, “हा उपचार आहे, मला झोपायला पाठवू नका, उलट मान पडलेली दिसली तर हाक मारा.”

दहानंतर सोफा वर्ज्य. पाठ टेकत नाही अशा खुर्चीवर बसा किंवा उभ्याने होणारी कामं काढा: इस्त्री, कपड्यांच्या घड्या, कपाटाचा एक कप्पा, सकाळच्या डब्यासाठी मेथी निवडणं. ऑफिसचं काम आणि फोन नको. शेवटच्या अर्ध्या तासात दिवे मंद करा आणि मेंदूला ताण न देणारं काही करा. दुपारीही हाच प्रश्न येतो. सहा-आठ आठवडे वामकुक्षी बंद. दोन वाजता पापण्या जड झाल्या की उठून बाहेर उन्हात दहा मिनिटं चाला. झोप साचून फार धोकादायक पेंग येत असेल, गाडी चालवायची असेल, तर मात्र दुपारी तीनच्या आत पंधरा-वीस मिनिटं गजर लावून झोपा. सुरक्षितता आधी.

अंथरुणाशी नातं

रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दिलेले नियम आजही जवळपास तसेच वापरले जातात. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. थकवा वेगळा आणि पेंग वेगळी: पेंगेत डोळे मिटतात, वाक्य वाचता वाचता निसटतं. अंथरूण फक्त झोप आणि शरीरसंबंध यांसाठी. पंधरा-वीस मिनिटं झाली असावीत असं वाटलं, किंवा चिडचिड सुरू झाली, की उठायचं. पुन्हा पेंग आली की परत यायचं. रात्रीतून कितीही वेळा.

एका खोलीच्या घरात उठून जायचं कुठे? संध्याकाळीच जागा तयार ठेवा. स्वयंपाकघरात एक खुर्ची, मंद दिवा, शाल, आधी वाचलेलं एखादं पुस्तक. बाकीचे उठतील म्हणून पडून राहू नका. अगदीच जमत नसेल तर अंथरुणावर नाही, तर बाजूला भिंतीला टेकून बसा. खाली गादी घालून झोपणाऱ्यांना एक फायदा आहे: सकाळी गादी गुंडाळून ठेवली की दिवसभर लोळायचा मोहच उरत नाही. पलंगवाल्यांनी उठल्याबरोबर चादर नीट करून त्यावर काही ठेवून द्यावं.

डोक्यातली गिरणी

संध्याकाळी सात-साडेसातला वीस मिनिटं ‘काळजीची वेळ’ ठेवा. वहीचं पान दुभागायचं. डावीकडे डोक्यात घोळणारी गोष्ट, उजवीकडे त्यावर उद्या टाकायचं एकच पाऊल. ‘कर्जाचा हप्ता’ यासमोर ‘बँकेत सकाळी अकराला फोन’. पाऊल नसेल तर ‘सध्या काही करता येत नाही’ असं लिहायचं. रात्री तोच विषय आला की वहीत नोंद झाली आहे एवढं स्वतःला सांगायचं.

झोपेविषयीच्या समजुती जास्त घट्ट असतात. ‘आठ तास झाले नाहीत तर उद्या माझ्याकडून काही होणार नाही.’ यावर वाद घालू नका, पडताळा घ्या. डायरीत दिवस कसा गेला याला शून्य ते दहा गुण द्या. महिन्याभरात दिसेल की कमी झोपेनंतरचे कित्येक दिवस बरे गेलेत आणि चांगल्या झोपेनंतरचे काही वाईट. आणि झोप यावी म्हणून धडपडणं हाच अडथळा झाला असेल तर उलट करा: दिवा मालवून, आडवे पडून, डोळे उघडे ठेवून जागं राहायचा शांतपणे प्रयत्न करा.

चहा दुपारी दोनच्या आत, मद्य नको, खोली थंड आणि अंधारी, या गोष्टी पाळा. पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. एवढ्याने जुना निद्रानाश जात नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननेही २०२१ मध्ये एकट्या ‘झोपेच्या आरोग्याच्या सवयी’ हा उपचार म्हणून देऊ नये असं म्हटलं आहे. जायफळाचं दूध आवडत असेल तर प्या.

गोळ्या चालू असतील तर

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांपैकी काही रोज घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. झोप आणखी उडते, बेचैनी वाढते, काहींना फिटही येऊ शकते. गोळी चालू असतानाही ही थेरपी करता येते, मात्र तसं डॉक्टरांना सांगा. झोप बसल्यावर त्यांच्याकडून मात्रा हळूहळू कमी करण्याचं वेळापत्रक घ्या. तोवर गोळी ठरल्या वेळी घ्या. ‘आज बघू, नाही आली तर घेऊ’ असं केलं की अर्धी रात्र गोळीची वाट बघण्यातच जाते.

आठव्या आठवड्यानंतर

कार्यक्षमता ८५ च्या वर टिकत असेल तर खिडकी १५-१५ मिनिटांनी वाढवत न्या. कुठेतरी असा टप्पा येतो की वेळ वाढवला तरी झोप वाढत नाही, फक्त जाग वाढते. मग एक पायरी मागे या. ती तुमची झोप. कुणाची सव्वासहा तासांवर थांबते, कुणाची साडेसात. दिवसा ताजंतवानं वाटतंय का, एवढंच बघा. प्रश्नावली पुन्हा भरा. आठ किंवा जास्त गुणांनी घट झाली असेल तर ती खरी सुधारणा समजतात.

टिकवण्यासाठी कायम पाळायची एकच गोष्ट निवडायची असेल, तर उठण्याची वेळ निवडा. अर्धा तास इकडे-तिकडे चालेल. वामकुक्षी परत सुरू करायची तर वीस मिनिटांची. कोजागरीचं जागरण, लग्न, रात्रीची गाडी, अमेरिकेहून आल्यावरचे उलटे दिवस, हे होणारच. दुसऱ्या दिवशी लवकर झोपून भरपाई करू नका. नेहमीच्या वेळी उठा, नेहमीच्या वेळी झोपा, दोन-तीन दिवसांत बसतं.

आत्ताच, झोप चांगली असताना, वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःची योजना लिहून ठेवा. माझी झोप कशामुळे बिघडते. बिघडल्यावर मी कोणत्या चुकीच्या गोष्टी करायला लागतो: लवकर पडणं, रविवारी नऊपर्यंत लोळणं. माझी सुरुवातीची खिडकी कोणती होती. सलग दोन आठवडे, आठवड्यातून तीन रात्री झोप बिघडली की डायरी पुन्हा सुरू करायची, आठवड्याची सरासरी काढायची आणि खिडकी तेवढी आवळायची. दुसऱ्या वेळी सहसा आठ आठवडे लागत नाहीत, कारण पद्धत हाताला लागलेली असते. तीन महिन्यांनी एकदा, काही त्रास नसला तरी, एक आठवडा डायरी भरून पाहा. हळूहळू सरकत आलेली झोपायची वेळ त्यात लगेच दिसते.

आठ आठवडे मनापासून करूनही गुण हलले नाहीत, तर आणखी एखादं अ‍ॅप शोधण्यापेक्षा ती डायरी घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा झोपेच्या दवाखान्यात जा. मागे अ‍ॅप्निया, थायरॉइड, नैराश्य असू शकतं आणि भरलेली डायरी पाहून त्यांचं काम अर्धं होतं. मन फार खचलं असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर आठ आठवडे थांबू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.